एका उघड्या डोळ्याची प्रार्थना

डॉक्टर म्हणाले, “कपाळाला आठ्या घाला बघू.”

आठ्या घालण्यात मी कधी कुणाला हार गेलेली नाही. आमचे हे म्हणतात, आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्या कपाळावर एक आठी आहे. पण त्या सकाळी महाडच्या दवाखान्यात मी सगळा जोर लावला आणि आठ्या पडल्या त्या फक्त उजवीकडे. डावं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं सपाट राहिलं. मग डोळे मिटायला सांगितले. उजवा मिटला, डावा टक्क उघडा. गाल फुगवायला सांगितले, तर डाव्या कोपऱ्यातून फुस्सकन हवा निघून गेली.

“बातमी चांगली आहे,” डॉक्टर म्हणाले. “हा मेंदूचा झटका नाही. झटक्यात बहुतेक वेळा कपाळ शाबूत राहतं. तुमचं कपाळही गेलंय, म्हणून मला बरं वाटतंय.”

कपाळ गेलं म्हणून कुणाला बरं वाटलेलं मी प्रथमच पाहत होते. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी मात्र रात्रपाळीचा सगळा शीण एका सुस्काऱ्यात बाहेर टाकला. रस्ताभर त्यांच्या मनात झटकाच होता, हे मला तेव्हा कळलं.

आजाराचं नाव बेल्स पाल्सी. आपल्या चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला हालचाल करवणारी एक नस असते, तिला फेशियल नर्व्ह म्हणतात. ती कानामागच्या हाडातल्या अरुंद वाटेनं बाहेर येते. तिला सूज आली की तिथे ती चेंगरते आणि चेहऱ्याची तेवढी बाजू लुळी पडते. सूज का येते, हे दर वेळी सापडतंच असं नाही. डॉक्टरांनी मला समजावलं तसं लिहिते आहे. मी काही डॉक्टर नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्या खोक्यांत भरल्या, आता माझ्या वाट्याच्या घ्यायची वेळ आली होती.

सुरुवात कानामागच्या दुखण्यानं झाली. भातकापणीचे दिवस होते, माझी दुसरी पाळी सुटली की हे मला मोटरसायकलवर घरी सोडून रात्रपाळीला जायचे, तेव्हा मागे बसून गार वारा लागायचा. म्हटलं, त्यानंच दुखत असेल, म्हणून स्कार्फ बांधला. दुसऱ्या दिवशी चहा नुसता गरम पाण्यासारखा लागला. ह्यांना म्हटलं, साखर विसरलात. त्यांनी निमूटपणे आणखी एक चमचा घातला, तरी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी माझी परवानगी न घेता डाव्या बाजूनं खाली आलं.

आरशात बघायच्या आधी मला भागीमावशींनी बघितलं. भागीमावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. बिरवाडीत त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. त्यांचं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. मुलगे दोघेही मुंबईला, शेती अजून स्वतः बघतात. मला जिन्यावर बघून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“तोंड वाकडं झालंय गो तुझं,” त्या म्हणाल्या. “वारं लागलंय. माझ्या माहेरी एक म्हातारा हाय, कानामागं मुळी बांधतो. चल, आजच जाऊ.”

आमचे हे नुकतेच पाळीवरून आले होते. ते एरवी मावशींच्या शब्दाबाहेर जात नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मला गाडीवर बसवलं आणि गाडी थेट महाडच्या दिशेनं घेतली. नंतर डॉक्टर म्हणाले की स्टिरॉइडच्या गोळ्या, म्हणजे नसेची सूज उतरवणारं औषध, पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर सगळ्यात उपयोगी पडतं. म्हणून हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. तोंड वाकडं दिसलं की मुळी, लेप, मंत्र सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटका की पाल्सी हे ठरवणं आपलं काम नव्हे. मावशी मात्र रुसल्या. दोन दिवस माडीवर ना कोथिंबीर आली, ना चौकशी.

गोळ्यांनी रक्तातली साखर वाढते म्हणून ती तपासत राहायची, रोज आरशासमोर तोंडाचे व्यायाम करायचे आणि धीर धरायचा, असं तिहेरी औषध मिळालं. पण डॉक्टरांना खरी काळजी होती ती डोळ्याची. चेहरा आज ना उद्या सरळ होईल, ते म्हणाले, पण न मिटणारा डोळा सुकतो, आणि सुकलेल्या डोळ्याला इजा झाली तर नजर परत आणता येत नाही. त्यांनी लुब्रिकेटिंग ड्रॉप्स दिले. म्हणजे बाटलीतले आसू. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं थेंब घालायचे, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीनं बंद करायची, बाहेर पडताना गॉगल. बिरवाडीच्या बाजारात मी गॉगल लावून भाजी घ्यायला गेले, तर भाजीवालीनं मला पर्यटक समजून भाव वाढवून सांगितला.

आता प्रार्थनेकडे आणि फोनकडे येते.

आम्ही ख्रिस्ती. माझं माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं, नोकरीच्या पाठी इकडे आलो. महाडला दर रविवारी मोजकी कुटुंबं एका हॉलमध्ये उपासनेला जमतो. रविवार चुकत नाही. पण रोजची प्रार्थना माझ्या हाताला कधी लागली नव्हती. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. ह्यांची पाळी वेगळीच. पहाटेची प्रार्थना ठरवावी तर पुढच्या आठवड्यात पहाटे मी ढाराढूर. दुपारी करीन म्हटलं तर कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो. फोनमधला गजर दुपारी वॉचमनच्या केबिनमध्ये वाजायचा आणि प्रार्थनेची आठवण त्या बिचाऱ्या वॉचमनला व्हायची.

आजारी रजेवर घरी बसले तेव्हा पुण्याला शिकणारी माझी मुलगी ग्रेस फोनवर म्हणाली, आई, आता तुला सबब नाही. तिनं तिकडून सांगत सांगत माझ्या फोनमध्ये एक नाही, तीन ॲप उतरवून घेतली.

पहिलं इंग्रजीतलं. त्यात समुद्राच्या लाटांचा आवाज आणि एक गोरे काका घनगंभीर आवाजात प्रार्थना करायचे. मला निम्मं कळायचं आणि उरलेल्या निम्म्यात झोप लागायची. दुसऱ्या ॲपमध्ये रोज प्रार्थना केली की एक ज्योत पेटायची, सलग जितके दिवस कराल तितका आकडा वाढत जायचा. तिसरं मराठी. त्यातली बाई साध्या आवाजात एक वचन वाचायची, मग म्हणायची, “आता डोळे मिटा आणि शांत बसा.” थोडा वेळ काही नाही. मग छोटीशी प्रार्थना आणि आमेन.

पहिल्या दिवशी ती डोळे मिटा म्हणाली आणि मला हसू फुटलं. तेही अर्धंच. बाई, मिटत असता तर काय हवं होतं! लहानपणी मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले म्हणून माझ्या आईनं किती चिमटे काढले असतील. आता ती असती तर तिलाच एक डोळा उघडा ठेवून बसलेली लेक बघावी लागली असती.

सवय लागली ती मात्र ॲपच्या हुशारीनं नाही, माझ्या घोळानं. डोळ्याच्या थेंबांसाठी मी फोनमध्ये गजर लावले होते आणि तिन्ही ॲपनाही तोच टिंगटिंग आवाज देऊन बसले होते. गजर वाजला की कळायचंच नाही, थेंब की प्रार्थना. चष्म्याशिवाय फोन दिसत नाही, आणि चष्मा लावून थेंब घालता येत नाहीत. शेवटी मी नाद सोडला. वाजलं की थेंब घालायचा, आणि थेंब आत मुरेपर्यंत मान वर करून बसायचंच असतं, तर तेवढ्यात प्रार्थना. इतकी वर्षं ज्या सवयीच्या मागे मी वही, गजर, निर्धार घेऊन धावत होते, ती एका प्लॅस्टिकच्या बाटलीला बांधली गेली आणि मुकाट्यानं घरात राहिली.

रोजची प्रार्थना लावून घ्यायची असेल त्यांना माझा सल्ला एवढाच. जे काम टळूच शकत नाही त्याच्या शेपटीला प्रार्थना बांधा. दूध उतू जायची वाट बघताना, इन्सुलिन घेताना, बाळाला पाजताना. ॲप हाक मारतं, पण बसायला जागा तुम्हीच द्यायची असते.

आणि ह्या उघड्या डोळ्यानं मला आणखी एक शिकवलं. प्रार्थनेत माझं मन फार भटकायचं. आता एक डोळा खिडकीबाहेरच असायचा, तेव्हा मनाला धरून ठेवायचा प्रश्नच नव्हता. खाली कंपनीची बस थांबायची, पाळी सुटलेली पोरं उतरायची, चेहरे उतरलेले, डबे रिकामे. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लागले. समोरच्या खोलीत नवीन राहायला आलेला मुलगा दोरीवर एकच शर्ट वाळत घालायचा, त्याच्यासाठी केली. ज्याच्याकडे मन पळेल त्याचीच प्रार्थना. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! देवाशी बोलायला आधी मन रिकामं करावं लागतं, असं मला उगीचच वाटत आलं होतं.

मावशींचा रुसवा पेजेबरोबर गेला. माझ्या गालात घास अडकतो, चावता येत नाही, हे ह्यांनी खाली बोलता बोलता सांगितलं असावं. संध्याकाळी त्या तांदळाची पेज घेऊन वर आल्या, भांडं टेकवलं आणि मी कशी जेवते ते बघत बसल्या. पेज डावीकडून सांडली की पदरानं पुसायच्या. मुळीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही.

तीनेक आठवड्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या दिव्याखाली तपासलं. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, सुकायला लागला होता आणि त्यावर बारीक ओरखडे दिसत होते.

“पापणी अजून पूर्ण मिटत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “नाताळ झाला की या. तोवर मिटली नाही, तर टार्सोराफी करावी लागेल. पापण्यांच्या कडेला टाके घालून डोळा अर्धा बंद करायचा. नजर वाचवायची तर ते करायला हवं.”

गोळ्या, व्यायाम, वाकडं तोंड ह्या सगळ्याची मी थट्टा करू शकत होते. शिवलेल्या डोळ्याची करता येईना. त्या दिवशी दवाखान्यात इतका वेळ गेला की फोनची बॅटरीही संपली. घरी येऊन फोन चार्जिंगला लावून उघडला, तर दुसऱ्या ॲपमधली ज्योत विझलेली आणि आकडा शून्यावर. ते शून्य बघून मी जी रडले! रडायचं होतं डोळ्यासाठी, निमित्त झालं त्या ज्योतीचं. रडताना डाव्या डोळ्यातून पाणी नुसतं वाहत होतं, पापणीला ते अडवता येत नव्हतं.

मावशी पेज घेऊन आल्या होत्या. काय झालं विचारलं. मी त्यांना तो आकडा दाखवून सांगितलं की एवढ्या दिवसांची प्रार्थना मोडली.

“मोडली कशी?” त्या म्हणाल्या. “देव काय गेटवरचा वॉचमन हाय, तुझी हजेरी लावायला? दमलीस, नाय बोललीस एक दिस. आता बोल.”

मी ते ज्योतीचं ॲप त्याच संध्याकाळी काढून टाकलं. कुणाला त्यानं हुरूप येत असेल तर जरूर ठेवावं, पण आजारी माणसानं ठेवू नये. आजारपणात दिवस मोडतातच. गोऱ्या काकांनाही निरोप दिला. राहिली ती मराठी बाई एकटी.

त्या ॲपमध्ये ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं घालून ठेवता येतात. हे ऐकल्यावर मावशी जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, माझ्या गुडघ्याचं घाल त्यात. मी घातलं. दुसऱ्या दिवसापासून तुळशीपाशी दिवा लावून झाला की त्या माडीवर यायच्या आणि गुडघ्याची पाळी आली की मान डोलवायच्या. डोळे मात्र कधी मिटायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, घरात पाहुणी म्हणून बसलेल्या माणसानं डोळे मिटून बसू नये, यजमानाकडे बघावं. गुडघा काही बरा झाला नाही. पण जिना चढून रोज येत होत्या, हेही काही कमी नव्हे.

मी पुन्हा थेंबाथेंबाला बसू लागले. आता मोठमोठ्या प्रार्थना सुचत नव्हत्या. देवा, डोळा मिटू दे, एवढंच. कधी कधी तेही नाही, नुसतं देवा. मला भीती वाटत होती आणि मी ती देवाला सांगत होते. भीती लगेच गेली नाही, पण एकटीनं वाहायची राहिली नाही.

बाकीचा चेहरा हळूहळू घरी परतू लागला. आधी नाकपुडी हलली. मग एके सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडातच राहिलं, आणि मी ते कौतुकानं बराच वेळ घोळवत उभी राहिले, शेवटी ह्यांनी बेसिनवरून हटवलं. चहाला चहाची चव आली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं म्हणून मी शिट्टी मारायचा सराव करत होते. शिट्टी वाजली तेव्हा समोरच्या खोलीतला तो एकाच शर्टाचा मुलगा दचकून खिडकीत आला आणि मला बघून लाजून आत गेला. अजूनही दमले की माझं हसू जरा डावीकडे मागे राहतं. राहू दे. बहुतेकांना बघून कळतही नाही.

डोळा मात्र सगळ्यात हट्टी. पापणी खाली यायची, आणखी खाली यायची आणि शेवटी एक फट ठेवून थांबायची. दाराखालून उजेड यावा तशी ती उजेडाची रेघ. दोन्ही डोळे मिटून बसले की उजवीकडे अंधार आणि डावीकडे ती रेघ. दिवसेंदिवस ती बारीक होत गेली, केसाएवढी झाली आणि तिथेच अडून बसली. नाताळ तोंडावर आला.

ग्रेस सुट्टीला घरी आली. खिडकीत चांदणी लावली, करंज्यांचा घाट घातला. मावशींनी ओलं खोबरं किसून दिलं आणि सारण चाखायचं काम स्वतःकडे घेतलं, कारण माझ्या अर्ध्या जिभेवर त्यांचा अजून भरवसा नव्हता. संध्याकाळी मावशी दिवा लावून आल्या. आम्ही चौघं चटईवर बसलो. थंडी पडली होती, पंखा बंद होता. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. बाईनं वचन वाचलं आणि म्हणाली, “आता डोळे मिटा आणि शांत बसा.”

मी मिटले. डावीकडे ट्यूबलाइटची रेघ नेहमीसारखी होती. मी एकेकाचं नाव घेऊ लागले. कंपनीतल्या बाया, बसमधून उतरणारी पोरं, समोरचा मुलगा, मावशींचा गुडघा. मग मावशींच्या गुडघ्यावरून मावशींवर आले, त्या जिना चढून आणत असलेल्या पेजेवर आले, आणि त्यांच्याबद्दल मला जे काही वाटत होतं ते सगळं देवाला सांगत बसले. डोळा मिटू दे हे त्या दिवशी मागायचंच राहिलं.

मध्येच काळोख झाला. आमच्याकडे वीज जाणं म्हणजे रोजचंच. फोन बॅटरीवर, त्यामुळे त्यातली बाई आपली प्रार्थना करत होती. मी पुटपुटले, “अहो, लाईट गेली. मेणबत्ती बघा.”

कुणी उठलं नाही. मग माझ्या गुडघ्यावर एक खरखरीत हात येऊन थांबला.

“लाईट हाय गो सरोज,” भागीमावशी म्हणाल्या. “तुझा डोळा मिटलाय.”

ग्रेस हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. मी डोळे उघडले नाहीत. उघडले आणि पुन्हा मिटलेच नाहीत तर, असं आधी वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. फोनमधली बाई आमेन म्हणून थांबली. मी मावशींचा हात धरून तशीच बसून राहिले. उजेडासाठी मी देवाचे आभार पुष्कळदा मानले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच अंधारासाठी मानले.